इंजिनावरची पावडर

आमच्या फाटकासमोरच्या फरशीवर रोज सकाळी रुपयाएवढा एक काळा डाग दिसू लागला, तेव्हा तो शेजारच्या मास्तरांच्या स्कूटरचा आहे हे मी ठरवून टाकलं. स्कूटर रात्री आमच्या भिंतीला लागून उभी असते, एवढा पुरावा मला पुरला. तीन दिवस मनातल्या मनात भाषण तयार केलं आणि चौथ्या दिवशी ऑफिसला निघायच्या आधी त्यांच्या ओट्यापाशी जाऊन उभा राहिलो.

“मास्तर, तुमची स्कूटर ऑइल गाळून राहिली. आमची फरशी पाहा कशी झाली.”

मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे. आता निवृत्त आहेत आणि सकाळी पेपर वाचताना कोणी बोललेलं त्यांना आवडत नाही. त्यांनी पेपरची घडी घातली, चष्मा कपाळावर चढवला आणि मला स्कूटरपाशी घेऊन गेले.

“हे?”

“हो, हेच.”

“हे बॅटरीची आहे भाऊ. दसऱ्याले घेतली. तुमी पेढा खाल्ला हिचा.” मग सीटवर हात ठेवून म्हणाले, “हिच्यात ऑइल कुठून टाकतात ते दाखवून द्या मले. मी बी पाहतो.”

पेढा खाल्ल्याचं मला आठवलं. दोन खाल्ले होते. तोवर मास्तर फाटकासमोर उभ्या माझ्या गाडीच्या पुढच्या चाकापाशी उकिडवे बसले होते. त्यांनी खाली हात घातला आणि काळं झालेलं बोट माझ्या नाकासमोर धरलं.

“तुमच्याच घरचं आहे,” ते म्हणाले आणि ते बोट माझ्याच फाटकाला पुसून पेपरकडं परत गेले.

त्या संध्याकाळी बायकोचा फोन आला तेव्हा यातलं काही सांगितलं नाही. ती पुण्याला लेकीकडं होती. लेकीचं बाळंतपण झालं, मग बाळाचं पोट दुखायला लागलं, मग लेकीची रजा संपली, आणि दीड महिन्यासाठी गेलेली बायको चार महिने झाले तरी तिकडंच. फोन रोज साडेसातला, बाळ झोपलं की. चार मिनिटांतली तीन बाळाची. चौथ्या मिनिटात ती विचारायची, “बाकी?” आणि मी म्हणायचो, “बाकी सगळं ठीक.” घरात त्यानंतर सकाळपर्यंत कोणी काही बोलत नसे. मी तर नाहीच, कारण बोलायचं कोणाशी? एकदा फ्रिजला “आलो” म्हणालो होतो. दूध ठेवायला उघडला होता, सवयीनं तोंडातून गेलं.

माझं बोलणं सगळं रस्त्यावर व्हायचं. मी अमरावतीला राहतो आणि नोकरी अकोल्याला. आमच्याकडं अर्धी अमरावती अकोल्याला नोकरी करते आणि अर्धं अकोला अमरावतीला, आणि दोन्ही अर्धी रोज सकाळी मूर्तिजापूरच्या आसपास एकमेकांना ओलांडतात. याला अप-डाऊन म्हणतात. कोणी रेल्वेनं करतं, कोणी बसनं, आणि काही लोक चौघं मिळून एका गाडीनं. आमची चौकडी पाच वर्षांची. गाडी माझी, चालवणार मी. शेजारच्या सीटवर काका. काका म्हणजे आमच्याच ऑफिसातले हेडक्लार्क, दोन वर्षांनी निवृत्त होणारे. मागं आरोग्य खात्यातल्या मॅडम, आणि त्यांच्या बाजूला भूमी अभिलेखवाला एक माणूस, ज्याला आम्ही सगळे मोजणीवाला म्हणतो आणि तोही ओ देतो. काका बडनेरा सुटलं की संत्री सोलायला घेत आणि सालं दाराच्या कप्प्यात ठेवत. मॅडमचा डबा मूर्तिजापूरला उघडे. मोजणीवाला कोणाच्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, कोणत्या गावात काय झालं ते सांगे. आणि मी बोलायचो. जाताना पावणेदोन तास, येताना पावणेदोन तास. दिवसाकाठी माझा जो काही संसार होता तो या साडेतीन तासांत होता.

डाग सापडल्यावर आठवड्याभरात गाडीत वास यायला लागला. सिग्नलला थांबलं किंवा टोलनाक्यावर रांगेत उभं राहिलं की करपलेला, घशात बसणारा वास.

“भाऊ, काहीतरी जळून राहिलं,” मॅडम मागून म्हणाल्या.

“बाहेरून येते तो,” मी म्हणालो. “पऱ्हाट्या जाळत असतील कोणी.”

काकांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. दोन्ही बाजूंना काळ्या रानात पऱ्हाटी कमरेएवढी उभी होती आणि बोंडं फुटून सगळं पांढरं झालं होतं. बाया वेचायला उतरल्या होत्या.

“कापूस अजून झाडावर आहे,” काका म्हणाले. “पऱ्हाटी जाळते कोन? वेचनारनींसकट जाळते का?”

मोजणीवाला हसला. मी पण हसलो. शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेल्या माणसानं नोव्हेंबरात पऱ्हाट्या जाळाव्यात, ही गोष्ट त्या दिवशी अकोल्यापर्यंत तीनदा सांगितली गेली, आणि दोनदा मीच सांगितली.

पण पुढच्या तीन दिवसांत मॅडमचं डोकं दुखायला लागलं. त्या ओढणी नाकाला लावून बसू लागल्या. चौथ्या दिवशी संध्याकाळी अमरावतीच्या राजापेठेत तिघं उतरले तेव्हा काका दार धरून उभे राहिले.

“पाहा, वाईट नका वाटून घेऊ. तुमची गाडी बरी होऊ द्या. तोवर आमी रेल्वेनं जातो. एक तारखेपर्यंत झाली बरी तं ठीक. नाही तं मंग तीन महिन्याचा पासच काढून घेऊ म्हनतो.”

“दोन दिवसांत होते,” मी म्हणालो.

“होऊ द्या ना. घाई नाई.”

घाई मला होती. एक तारखेला अठरा दिवस होते. एकदा तीन महिन्यांचा पास निघाला की माणूस तीन महिने गाडीत बसत नाही. पैसे भरलेले असतात. आणि तीन महिने म्हणजे फेब्रुवारी संपेपर्यंत मी एकटा.

दुसऱ्या दिवशी एकटाच निघालो. शेजारच्या सीटवर डब्याची पिशवी ठेवली, तर गाडी टिंग-टिंग करायला लागली. तिला वाटलं माणूस बसलाय आणि त्यानं पट्टा लावला नाही. पिशवी उचलून मागं ठेवायची तर बडनेऱ्याच्या पुलावर थांबावं लागलं असतं. मी पिशवीला पट्टा लावला. टिंग-टिंग बंद झालं. मग जाईपर्यंत पिशवी आपली शांत बसून होती, आणि मूर्तिजापूरला मी तिला म्हणालो, “चहा घ्यायचा का?” हे मी आज लिहितोय म्हणून कळतंय, तेव्हा काही वाटलं नाही.

आधी अमरावतीतच एका गॅरेजला गाडी दाखवली. त्यानं बॉनेट उघडून इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण ओलं असल्याचं दाखवलं आणि टॅपेट कव्हरची पॅकिंग गेली, असं सांगितलं. पॅकिंग बदलली. दोन दिवस मी सकाळी उठून चहाच्या आधी फरशी पाहायचो. तिसऱ्या दिवशी डाग परत हजर. त्याच जागी, त्याच मापाचा, जसा काही सुट्टीवर गेला होता.

मग मी स्वतः हात घातला. रविवारी बॉनेट उघडून टॉर्च मारला. इंजिनाच्या बाजूला एका कोपऱ्यात, खाली, तेलाचा थेंब लोंबत होता. घरात दोन रंगांच्या वड्या मळून लावायची लांबी होती, पाण्याच्या टाकीची चीर बुजवायला आणलेली. दोन्ही वड्या कणकेसारख्या मळल्या आणि थेंब लोंबत होता तिथं अंगठ्यानं दाबून बसवल्या. इतकं समाधान मला बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं. संध्याकाळी बायकोला “बाकी सगळं ठीक” म्हणताना पहिल्यांदाच खरं बोलतोय असं वाटलं. सकाळी डाग होता. आता तो लांबीला वळसा घालून चार बोटं डावीकडं पडला होता.

एक तारखेला नऊ दिवस राहिले होते.

अकोल्यात आमच्या ऑफिसच्या मागच्या गल्लीत एक मिस्त्री आहेत. सगळे चाचा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. वयानं ते माझ्यापेक्षा मोठे असतील तर दोनेक वर्षांनी. पत्र्याचं शेड, लिंबाचं झाड, झाडाला टांगलेला गाडीचा जुना आरसा, ज्यात ते दाढी करतात. जेवणाच्या सुट्टीत गाडी तिथं नेली. चाचांनी बॉनेट उघडलं, वाकले, आणि त्यांचं पहिलं लक्ष लांबीवर गेलं.

“ये किसने किया?”

“आधीच्या गॅरेजवाल्यानं,” मी म्हणालो.

चाचांनी लांबीवर उमटलेला अंगठा पाहिला. मग माझ्या हाताकडं पाहिलं. “त्याचा अंगठा तुमच्याएवढाच होता वाटते.”

मी हात खिशात घातला. ते पेचकसानं लांबी खरवडू लागले. “हे टाकीले लावतात साहेब. इंजिन गरम होते, तेल सुटते, याच्या बापाले नाही आयकत. अन् एक सांगू, तेल जिथं दिसते तिथून ते निघून नाही राहिलं. वरून कुठून तरी निघते, बाजूबाजूनं उतरते, खाली येऊन लटकते. तुमी खालच्यालेच धरलं.”

“मग वरून कुठून?”

“अभी नहीं दिखेगा. पूरा इंजिन तेलात न्हालेलं आहे. पहिले आंघोळ.”

त्यांनी डिझेल आणि ब्रशनं इंजिन घासलं. मग फडक्यानं पुसलं आणि हवेच्या नळीनं कोपरेकापरे वाळवले. इंजिन इतकं स्वच्छ मी गाडी घेतली तेव्हाही पाहिलं नव्हतं. वाटलं, झालं. पण चाचा म्हणाले, “उद्या येताना पावडर आना.”

“कसली?”

“कोनची बी. कॅरमची चालते, अंगाले लावाची चालते. कोरडी पाह्यजे.”

कॅरमची पावडर कुठं मिळते ते मला माहीत नव्हतं. घरी आलो. पावडर घरात एकच होती. आरशाखालच्या फळीवर बायकोचा डबा, अर्धा भरलेला. पुण्याला जाताना तिनं नवा डबा नेला होता आणि हा, उघडलेला, प्रवासात सांडतो म्हणून ठेवून गेली होती. चार महिने त्याला कोणी हात लावला नव्हता. फळीवरून उचलला तेव्हा खाली धुळीत त्याचा गोल उरला. मी तो गोल पुसला नाही. डबा पिशवीत घातला, आणि सकाळी पिशवीला पट्टा लावला.

दुसऱ्या दिवशी चाचांनी डब्याचं झाकण फिरवलं आणि रांगोळी घालावी तसं इंजिनाच्या त्या बाजूवर हात हलका ठेवून पावडर टाकली. वरचं झाकण, तारा, नळ्या, कोपरे, सगळं पांढरं. मग डबा स्वच्छ फडक्यानं पुसून माझ्या हातात दिला.

“संभालके ठेवा. औरत की चीज है, तेलाचा हात लागला नाही पाह्यजे.” मग सहज विचारल्यासारखं म्हणाले, “घरवाली कुठं आहे?”

“पुण्याला. नातवासाठी.”

“किती दिवस झाले?”

“चार महिने.”

ते पाना पुसत राहिले. “तवाच,” एवढंच म्हणाले. कशाबद्दल ते मी विचारलं नाही. “जा, बोरगाव मंजूपर्यंत मारून या. जोरात नेऊ नका, नेहमीसारखी चालवा. तिथं पोचले की इंजिन बंद करा, बॉनेट उघडा अन् पाहा. हात नाही लावाचा.”

अर्धा दिवस रजा टाकून निघालो. शहराबाहेर पडेपर्यंत काही नाही. इंजिन तापलं आणि जाळीतून हवा आत आली तसा पावडरचा वास यायला लागला. आधी थोडा, मग सगळी गाडी भरून. करपलेल्या तेलाच्या वासाला मी दोन आठवड्यांत सरावलो होतो, हा वास अंगावर आला. संध्याकाळी तोंड धुऊन ती आरशासमोर उभी राहायची तेव्हाचा. लग्नाला निघताना गाडीत बसायची तेव्हाचा. उशीर झाला म्हणून मी हॉर्न वाजवायचो, आणि ती दार लावून बसली की पहिली पाच मिनिटं दोघंही बोलत नसू, पण हा वास असायचा. मी काच खाली केली, मग परत वर केली. शेजारच्या सीटवर पिशवी पट्टा लावून बसली होती. तिच्याकडं पाहवेना, म्हणून रस्त्याकडं पाहत राहिलो. माणसानं सरळ रस्त्याकडं पाहावं, तेच बरं असतं.

बोरगाव मंजूच्या अलीकडं एका झाडाखाली गाडी लावली. बॉनेट उघडलं. पांढऱ्या इंजिनावर एकच काळसर रेघ होती, बोटभर रुंद, वरून खाली आलेली. खाली ती बरोबर माझ्या अंगठ्याच्या जागेवर पोचली होती. वर पाहिलं तर ती माथ्यावरच्या झाकणापासून निघालेलीच नव्हती. झाकणाच्या बाजूला, इंजिनात खोचलेला, अंगठ्याएवढा जाड एक भाग होता, त्याला तारेचा प्लग लावलेला. रेघ त्याच्या गळ्याशी सुरू होत होती. एक शेतकरी सायकलवरून उतरून माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि बराच वेळ इंजिनाकडं पाहत राहिला.

“काऊन पावडर लावली गाडीले?” त्यानं विचारलं.

“गळती शोधून राहिलो.”

“भेटली?”

“भेटली.”

“मंग बरं आहे,” म्हणाला आणि गेला. त्या दिवशी अकोल्याबाहेर माझ्याशी बोललेला तो एकटाच.

परत शेडवर आलो. मी काढून आणलेला फोटो चाचांनी पाहिला नाही, स्वतः वाकून पाहिलं. “सोलेनॉइड,” ते म्हणाले. मी मान डोलावली. त्यांना कळलं की मला काही कळलं नाही. “शेतात पानी देता ना? एक मानूस दांडावर उभा राहून या सरीतलं पानी त्या सरीत वळवते. तसं हे. इंजिनाचा कॉम्प्युटर सांगते, हे तेल वळवते, तिकडं व्हॉल्व्ह लवकर उघडाचे का उशिरा ते ठरते. आता पाहू, मानूसच गेला का त्याचा नुसता जोडा फाटला.”

त्यांनी तारेचा प्लग सोडवला आणि आत टॉर्च मारला. प्लगमध्ये तेल असतं तर सोलेनॉइडच आतून फुटलं असतं, पूर्ण नवं घ्यावं लागलं असतं. प्लग कोरडा निघाला. चाचांनी तो मलाही दाखवला, डॉक्टर एक्स-रे दाखवतात तसा. मग दहा नंबरच्या पान्यानं एकच बोल्ट काढला, खाली फडकं धरलं आणि सोलेनॉइड डावी-उजवीकडं हलवत बाहेर ओढलं. त्याच्या गळ्यात एक रबरी रिंग होती. रबरी कसली, वाळून काडी झालेली. चाचांनी नखानं उचलली तर दोन तुकडे झाले.

“एवढीशी?” मी म्हणालो.

“एवढीशी.”

“नळाची रिंग चालंल का? घरी आहे.”

चाचा माझ्याकडं पाहत राहिले, मग लांबीच्या तुकड्यांकडं पाहिलं, जे अजून तिथंच जमिनीवर पडले होते. मी म्हणालो, “नाही, सहज विचारलं.”

पार्टच्या पहिल्या दुकानात रिंग सुटी मिळत नव्हती, पूर्ण सोलेनॉइड घ्या म्हणाले. चाचांनी दुसऱ्या दुकानाचा पत्ता दिला, जिथं नुसत्या रिंगा आणि सीलच मिळतात. रिंगेचे दोन तुकडे कागदात बांधून मी गेलो. दुकानदारानं ते गोल जुळवून मापाच्या चिमट्यानं मापले आणि गरम तेलात टिकणाऱ्या रबराच्या दोन रिंगा काढून दिल्या. एक जादा. परत आलो तेव्हा चाचांनी खोबणी फडक्यानं पुसून ठेवली होती. नव्या रिंगेला त्यांनी ऑइलचा एक थेंब चोळला, कोरडी ठोकली तर कातरते म्हणून, आणि सोलेनॉइड अंगठ्यानं दाबत दाबत बसवलं. बोल्ट आधी हातानं फिरवला, मग पान्यानं थोडा.

“अजून आवळा,” मी म्हणालो.

“ॲल्युमिनियम आहे. इथं ताकत दाखवाची नाही.”

उरलेली पावडर परत टाकली. परत बोरगाव मंजू. परत तो वास, पण आता मला माहीत होता, म्हणून काच आधीच खाली केली. त्याच झाडाखाली बॉनेट उघडलं. सगळं पांढरं. कुठं रेघ नाही, ठिपका नाही. दुसऱ्या दिवशी फरशी कोरडी, तिसऱ्या दिवशी कोरडी. चौथ्या दिवशी मास्तर आपणहून फाटकापाशी येऊन खाली वाकून पाहून गेले आणि जाताना मान डोलावली. त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

एक तारखेला तीन दिवस राहिले होते. आमच्या चौघांच्या मोबाइलवरच्या ग्रुपवर मी लिहिलं, “गाडी पूर्ण बरी झाली आहे. वास नाही. उद्यापासून नेहमीच्या वेळेला.” तिघांनीही वाचल्याचं दिसलं. मोजणीवाल्यानं अंगठा पाठवला. मॅडमनी हात जोडलेले पाठवले. काका असल्या भानगडीत पडत नाहीत.

सकाळी राजापेठेत नेहमीच्या जागी वीस मिनिटं आधीच जाऊन उभा राहिलो. दाराच्या कप्प्यातली संत्र्यांची वाळलेली सालं काढून टाकली होती, सीटा पुसल्या होत्या, आणि डब्याची पिशवी डिकीत ठेवली होती, कारण तिच्या जागी काका बसणार होते. नेहमीची वेळ झाली. आणखी दहा मिनिटं झाली. मागून बसचा हॉर्न आला, गाडी थोडी पुढं घेतली, परत मागं घेतली. मग निघालो. मूर्तिजापूरला थांबलो नाही.

ऑफिसात काका आपल्या टेबलावर होते. मी समोरच्या खुर्चीवर बसलो.

“काका, आले नाही.”

“हो ना.” त्यांनी फाइल बंद केली. “फोन कराचा होता तुमाले. राहून गेला.”

“वास गेला आता. पूर्ण गेला. सोलेनॉइडची रिंग होती.” मी सांगायला लागलो, लांबीपासून, अंगठ्यापासून, पावडरपर्यंत. काका ऐकत होते. मी चाचांच्या शेडपर्यंत पोचलो तेव्हा त्यांनी हात थोडा वर केला.

“खरं सांगू का? आमी पास काढून घेतले. मागच्याच आठवड्यात.”

“एक तारखेला काढणार होते ना?”

“हो, पन काढले.” त्यांनी खिडकीकडं पाहिलं. “वास तं होताच. पन वासाचं काय, सहन केला असता. रेल्वेत झोप भेटते हो. मॅडम पहाटे चारले उठते, दोघांचा डबा करते, सासूचं औषध-पानी. मोजनीवाल्याचं लेकरू रात्रभर रडते. गाडीत बसलं की आमचे डोये लागत होते, अन् तुमी इचारत होते, झोपले का?”

काकांनी फाइल बाजूला सरकवली.

“झोपलेल्या मानसाले झोपले का म्हनून इचारलं की त्याले उठून नाही म्हना लागते,” काका म्हणाले. आवाज अगदी साधा होता, चेष्टेचा नव्हता. “पहिले नव्हते असे तुमी. पहिले बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत गप्प राहत होते. वहिनी गेल्यापासून जास्तच बोलून राहिले. आमाले समजत होतं. म्हनूनच कोनी बोललं नाही.”

मग त्यांनी टेबलाच्या खणातून संत्रं काढलं, सोललं आणि अर्धं मला दिलं. मी ते तिथंच बसून खाल्लं. आमच्यात कोणीच बोललं नाही, आणि काकांना ते बरं वाटत असावं असं मला वाटलं, म्हणून मी अजून थोडा वेळ तसाच बसलो.

येताना गाडीत कसलाच वास नव्हता. तेलाचा नाही, पावडरचा नाही, संत्र्याचा नाही. इंजिन नवं असल्यासारखं चाललं. चार महिन्यांत पहिल्यांदा मला ते स्वतःच्या कानांनी ऐकू आलं, आणि ते बरंच हळू आवाजात चालतं हे कळलं.

साडेसातला फोन आला. तीन मिनिटं बाळाची झाली. ते आता कुशीवर वळतं म्हणे. मग तिनं विचारलं, “बाकी?”

सगळं ठीक म्हणायला तोंड उघडलं, आणि मास्तरांच्या पेढ्यापासून सुरुवात झाली. स्कूटर, पऱ्हाट्या, लांबी, चाचा, तिचा डबा, पांढरं इंजिन, राजापेठ, काका. ती मधे एकदाही बोलली नाही. मागं लेकीच्या घरात कुकरची शिट्टी झाली, ती कोणाला तरी “बंद कर” म्हणाली, आणि परत ऐकायला लागली. काकांनी सांगितलेलं सगळं मी जसंच्या तसं सांगितलं, “झोपले का” सकट. एवढं बोलून झाल्यावर पाणी प्यायलो. म्हणालो, “आता गाडी चांगली आहे, पण बसायला कोणी नाही. फेब्रुवारीपर्यंत नाही.”

“मंग तुमी बी पासच काढा ना,” ती म्हणाली. “अन् पहिले आठ दिवस त्यायले झोपू द्या.”